पाण्यातला चेंडू आणि काठावरची नजर

आज बचत, व्याज, कर्जफेड यातलं काहीच नाही. आज मुलांच्या एका खेळाबद्दल बोलायचं आहे. भाजी निवडत असाल तर निवडत राहा, पण कान इकडे असू द्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गटातल्या एका ताईंचा फोन आला. "अहो ताई, शाळेतनं चिठ्ठी आलीय. तालुक्याच्या तलावावर वॉटर पोलोचं शिबिर आहे म्हणे. पोलो म्हणजे ते घोड्यावरचं ना? मग घोडी काय पाण्यात उतरवणार का?" आम्ही हसलो खरं, पण फोन ठेवल्यावर एकमेकींकडे बघत राहिलो. आम्हाला तरी कुठं माहीत होतं? आम्ही तिघी सहयोगिनी तेवढ्यासाठी तलावावर गेलो, शिकवणाऱ्या सरांना भेटलो, आणि मग महिनाभर आलटूनपालटून काठावर बसलो. आमच्या वेगवेगळ्या गटांतल्या अकरा जणींची मुलं त्या शिबिरात होती. जे बघितलं, विचारलं आणि एकदा जे भोगलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी घोड्याचं कोडं सोडवू. पोलो हा शब्दच मुळात चेंडूचा आहे. हिमालयाच्या पलीकडं बाल्टिस्तानात जी बाल्टी भाषा बोलतात, तिच्यात चेंडूला असाच काहीसा शब्द आहे. इंग्रजांनी तो तिथून उचलला. घोड्यावरचा खेळ म्हणून पोलो, मग पाण्यातला चेंडूचा खेळ तो वॉटर पोलो. घोडा बाहेर राहिला, नाव तेवढं पाण्यात आलं. साधारण दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये हा खेळ रुजला. स्कॉटलंडच्या विल्यम विल्सन यांनी १८७०च्या दशकात त्याचे नियम लिहून काढले.

आपल्या देशालाही तो नवा नाही. १९५१ साली दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या पुरुषांच्या संघानं यात सुवर्णपदक मिळवलं होतं. त्या संघातले सचिन नाग यांनी त्याच स्पर्धेत १०० मीटर पोहण्याचंही सुवर्ण घेतलं. आता बायकांचं ऐका. पुरुषांचा वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये आला १९०० साली, आणि बायकांचा आला २००० साली, सिडनीला. मध्ये शंभर वर्षं! त्या पहिल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी अमेरिकेला ४-३ असं हरवलं, तेही अगदी शेवटच्या क्षणी गोल मारून. हे आमच्या मुलींना सांगितलं तेव्हा त्यातली एक म्हणाली, "शंभर वर्षं काय करत होते ओ?" उत्तर आमच्याकडं नव्हतं.

खेळ कसा असतो ते आता बघू. एका संघात पाण्यात सात जण असतात. त्यातला एक गोलरक्षक. दोन्ही टोकांना पाण्यावर जाळीचे गोल असतात, तीन मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच. चेंडू पिवळा, खरबरीत पकडीचा, वजनाला साधारण फुटबॉलइतकाच, म्हणजे ४०० ते ४५० ग्रॅम. हा मोठ्यांचा हिशोब झाला. मुलांसाठी चेंडू लहान आणि हलका घेतात, मैदान आखूड करतात, डाव कमी वेळाचे ठेवतात. डोक्याला बांधायच्या टोप्या असतात, एका संघाच्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या निळ्या, आणि दोन्हीकडच्या गोलरक्षकांच्या लाल. टोपीवर आकडा असतो. कानावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी असते. आम्हाला आधी ती नटवायची गोष्ट वाटली. सर म्हणाले, "ताई, चेंडू किंवा कुणाचा हात कानावर सपकन बसला तर कानात पाण्याचा दाब जाऊन पडदा फाटू शकतो. त्यासाठी ती वाटी आहे." तेव्हापासून टोपीची नाडी सैल दिसली की आम्हीच ओरडायला लागलो.

गोलरक्षक सोडून कुणी दोन्ही हातांनी चेंडू धरायचा नाही. एकाच हातानं झेलायचा, एकाच हातानं फेकायचा. साधारण अर्ध्या मिनिटात गोलाकडं मारलाच पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्यांकडं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे तळाला पाय टेकायचे नाहीत, काठ धरायचा नाही. मोठ्यांच्या सामन्यात पाणी निदान १ मीटर ८० सेंटिमीटर खोल लागतं. म्हणजे उंच माणूससुद्धा आरामात उभा राहू शकत नाही.

मग ही मुलं पाण्यात उभी कशी राहतात? याचं उत्तर पायांत आहे. तुम्ही ताक करताना रवी फिरवता ना, एकदा इकडं, एकदा तिकडं? तसे दोन्ही पाय गुडघ्यातून फिरवायचे, एक या अंगाला, एक त्या अंगाला, पण एकाच वेळी नाही, आलटूनपालटून. त्यामुळं पाण्याला खाली सतत दाब मिळतो आणि माणूस खुर्चीत बसल्यासारखा वर राहतो, हात मोकळे. आमच्याकडच्या मुलांचं पोहणं विहिरीतलं. पाठीला डबा बांधून मामानं ढकललं की आलं पोहायला. ही पोरं सूर मारतील, तळ गाठून येतील, पण एका जागी हात वर करून राहायला सांगितलं की दहा सेकंदांत खाली. सरांनी पहिल्याच दिवशी हे दाखवून दिलं. गावातला एक चांगला पोहणारा मुलगा, चौदा वर्षांचा. त्याला खोल पाण्यात दोन्ही हात पाण्याबाहेर ठेवून दोन मिनिटं राहायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्यानं काठ गाठला आणि मान खाली घातली.

म्हणून आयांनो, "माझ्या पोराला पोहता येतं" एवढ्यावर या खेळाला पाठवू नका. ज्याला हात न वापरता पाण्यात राहता येत नाही, त्याला खोल पाण्यात चेंडू द्यायचाच नाही, असा सरांचा नियम होता आणि तो आम्हाला शंभर टक्के पटला. तोपर्यंत तो मुलगा खेळायचा कुठं? उथळ बाजूला. तिथं छातीएवढ्या पाण्यात, पाय टेकवून, दोन्ही हातांनी चेंडू धरून, कुणी कुणाला न ओढता खेळायचं. ऑस्ट्रेलियात लहान मुलांसाठी असंच सोपं रूप केलंय, त्याला फ्लिपाबॉल म्हणतात. यात काही कमीपणा नाही. उलट आम्हाला तर तोच खेळ बघायला जास्त मजा आली, कारण सगळी पोरं हसत होती.

आता मारामारीचं बोलू. सगळ्या आयांची भीती हीच की एकमेकांना बुडवतील. भीती खोटी नाही. मोठ्यांचे सामने बघितले तर पाण्याखाली काय चाललंय ते देव जाणे. पण नियम नीट समजून घेतला की अर्धी भीती जाते. ज्याच्या हातात चेंडू नाही, त्याला धरायचं, ओढायचं, दाबायचं नाही. तसं केलं की पंच शिट्टी वाजवतात आणि त्या खेळाडूला काही सेकंद बाहेर काढतात. असं तीनदा झालं की तो सामन्यातून गेला. तोंडावर मुद्दाम पाणी उडवणं हासुद्धा गुन्हाच. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला मात्र अडवता येतं. यातच मुलाची सुटका पण आहे, ती घरी शिकवून ठेवा: दम लागला, कुणी अंगावर आलं, घाबरल्यासारखं झालं, तर चेंडू सोड. चेंडू सुटला की समोरच्याला तुला सोडावंच लागतं. पोरांना चेंडू सोडणं म्हणजे हरणं वाटतं, म्हणून हे दहा वेळा सांगावं लागतं. आमच्या शिबिरातल्या सरांनी तर पहिला आठवडाभर फक्त चेंडू सोडण्याचाच सराव घेतला. काही बाप नाराज झाले. आम्हाला बरं वाटलं.

नखांचं विसरू नका. सामन्याआधी पंच नखं तपासतात, वाढलेली असली तर पाण्यात सोडत नाहीत. अंगठ्या, साखळ्या, कानातलं, हातातला दोरा, सगळं काढायचं. गंडादोरा काढायला काही घरांतून विरोध झाला. तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी तोडगा काढला: दोरा आजीच्या हातात बांधायचा, खेळ संपला की परत. आणि तेल. आपल्याकडं तलावाच्या पाण्यानं काळं पडू नये म्हणून खोबरेल चोपडून पाठवतात. डोक्याला थोडं चालतं, टोपीखाली जातं. अंगाला लावू नका. नियमातच अंगाला तेलकट काही लावायला मनाई आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी तेल लावलेलं पोर बुडताना हातातून निसटतं, हे लक्षात घ्या.

आता नवव्या दिवशी काय झालं ते सांगतो. हे सांगावं की नाही यावर आमच्यात बोलणं झालं. त्या मुलाच्या आईनं "सांगा" म्हटलं, म्हणून सांगतोय.

ज्या ताईंनी घोड्याचं विचारलं होतं, त्यांचाच मुलगा. वय दहा. अंगानं बारीक, पण पाण्यात टिकणारा. हात वर करून राहायची परीक्षा त्यानं पास केली होती, म्हणून त्याला गोलरक्षक केलं. लाल टोपी. त्या दिवशी पालकांना दाखवायचा सामना होता. आम्ही दहा-बारा बायका काठावर, सर शिट्टी घेऊन मध्यावर, आणि जीवरक्षक दादा तिकिटाच्या खिडकीपाशी, कारण त्या तलावावर तिकीट फाडायचं कामही त्यांच्याकडंच होतं. चेंडू पलीकडच्या गोलापाशी गेला. तिथं चांगलीच चुरस झाली. एकदा मारला, अडवला, परत मारला. आम्ही सगळ्या ओरडत होतो. त्याची आईसुद्धा ओरडत होती.

अलीकडच्या गोलापाशी एक मुलगी काठावर पाय सोडून बसली होती. तिची पाळी आली होती, म्हणून ती त्या दिवशी पाण्यात उतरली नव्हती आणि जरा रुसलेलीच होती. तिला त्या चेंडूत रस नव्हता. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, लाल टोपी कुठाय?"

जीवरक्षक दादांनी मान वळवली आणि पळतच उडी टाकली. मूल तळाशी गेलं नव्हतं, पाण्याच्या थोडंसं खाली होतं. वर काढल्यावर खोकला, उलटी केली, रडला. रडण्याचा तो आवाज आम्ही जन्मात विसरणार नाही. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. दोन दिवसांनी आम्ही त्याला विचारलं, "बाळा, हाक का नाही मारलीस?" तो म्हणाला, "पाय दुखायला लागले. मग ओरडायला तोंडच वर येईना."

मैत्रिणींनो, या एका वाक्यावर थांबा. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, वाचवा वाचवा ओरडतो. खरं तसं होत नाही. जो ओरडू शकतो त्याला अजून श्वास मिळतोय. खरोखर बुडणारं मूल गप्प असतं. तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होतं, वर आलं की जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळतो, आवाज काढायला नाही. डोकं मागं पडलेलं, डोळे काचेसारखे किंवा मिटलेले, केस कपाळावर आले तरी बाजूला करत नाही. हात बाजूला पाणी दाबत असतात, शिडी चढल्यासारखे, ते वर करून हलवता येत नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोर पाण्यात उभं राहून खेळतंय. आणि हे सगळं एका मिनिटाच्या आतबाहेर आटपतं.

आणि या खेळात एक जास्तीची गोम आहे, ती आम्हाला त्या दिवशी कळली. चेंडू सगळ्यांचे डोळे ओढून घेतो. नुसत्या पोहण्याच्या वेळी काठावरचा माणूस इकडंतिकडं बघत असतो. सामन्यात मात्र सरांचे डोळे चेंडूवर, पंचांचे चेंडूवर, आयांचे चेंडूवर. जे मूल चेंडूपासून सगळ्यात लांब, त्याच्याकडं कुणाचीच नजर नाही. आणि बहुतेक वेळा लांब असतो तो गोलरक्षक, किंवा दमलेला मुलगा जो मागं राहिलाय.

त्या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत हाच विषय. त्या ताई पहिल्यांदा म्हणाल्या, "मी आता नाही पाठवणार." कुणी त्यांना समजवायला गेलं नाही. दुसऱ्या एकीनं विचारलं, "मग पोरगा उद्या विहिरीवर जाईल, तिथं कोण बघणार?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "आपण एवढ्या जणी तिथं बसतो, स्वेटर विणतो, गप्पा मारतो. त्यातल्या एकीनं चेंडू बघायचाच नाही असं ठरवलं तर?"

तसंच ठरलं. एका वेळी दोघी, दोन टोकांना. पाळी पंधरा मिनिटांची, त्याहून जास्त नाही, कारण पाण्याकडं एकटक बघताना डोळा थकतो आणि मन भरकटतं. पाळी असलेलीच्या गळ्यात लाल ओढणी. ओढणी असेपर्यंत मोबाईल शेजारणीकडं, गप्पा नाहीत, दुसरं मूल मांडीवर नाही. तिनं चेंडू नाही, टोप्या मोजायच्या. एक ते सात, परत एक ते सात. आकडे असतातच टोपीवर, त्याचा उपयोग करायचा. एक आकडा दिसला नाही तर विचार करत बसायचं नाही, लगेच शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्या मुलांनी काठ धरायचा. चुकून वाजली तरी चालेल, कुणी हसायचं नाही, असं सरांनी मुलांना बजावलं. पहिल्या आठवड्यात चार वेळा उगीच वाजली. एकदा तर एक मुलगा नाक शिंकरायला काठावर गेला होता.

आता हे नीट ऐका. ही ओढणीवाली बाई म्हणजे जीवरक्षक नव्हे. तिला उडी मारायची नाहीये. शिकलेला जीवरक्षक तलावावर पाहिजेच, आणि त्यानं फक्त तेच काम करायला पाहिजे. आम्ही तलावाच्या व्यवस्थापनाकडं अर्ज दिला की तिकिटाला वेगळा माणूस ठेवा. पहिल्यांदा "बघू" म्हणाले. दुसऱ्यांदा आम्ही तीस जणींच्या सह्या घेऊन गेलो. आठ दिवसांत खिडकीवर दुसरा मुलगा बसला आणि जीवरक्षक दादांना पाण्याजवळ उंच खुर्ची मिळाली. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, एवढंच आमच्या अनुभवावरून सांगतो.

तुमच्या गावात, शहरात असं शिबिर असेल तर पहिल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. पाण्याचा तळ बघा. सगळ्यात खोल जागी तळाच्या फरशीवरच्या रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पाणी गढूळ, हिरवट असेल तर त्या दिवशी घरी या, कारण त्यात बुडालेलं मूल दिसणार नाही. वास फार झोंबत असेल तर आपल्याला वाटतं औषध भरपूर टाकलंय, पाणी स्वच्छ आहे. उलट असतं. तो वास घाम आणि लघवी औषधात मिसळल्याचा असतो. म्हणून आत जाण्याआधी मुलांना अंघोळ आणि लघवी, दोन्ही करायला लावा. खोली कुठं किती आहे हे काठावर लिहिलंय का, बघा. उथळ बाजूला सूर मारायला बंदी आहे का, विचारा. मानेला लागलं तर आयुष्यभराचं होऊन बसतं. गोल नीट बांधलेले आहेत का तेही बघा, पोरं त्याला लोंबकळतात आणि गोल अंगावर येतो.

मुलाला फिट येत असेल, दमा असेल, कानाचा त्रास असेल तर सरांपासून लपवू नका. आपण लपवतो, नाव काढून टाकतील म्हणून. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात सोडायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

श्वास कोंडायच्या शर्यती लावू देऊ नका. पोरांचा आवडता उद्योग आहे हा, सामना संपला की कोण पाण्याखाली जास्त वेळ राहतो. आधी भराभरा मोठे श्वास घेतात आणि मग खाली जातात. त्यानं होतं असं की श्वास घ्यावासा वाटण्याची जी आतली सूचना असते ती उशिरा येते, आणि तोवर मूल पाण्याखालीच बेशुद्ध पडतं. चांगल्या पोहणाऱ्यांनाच हा धोका जास्त, कारण तेच हे करतात.

आपल्याकडची शिबिरं एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नेमकी वळवाच्या पावसाच्या दिवसांत. दुपारनंतर आभाळ भरून येतं. उघड्यावरच्या तलावात पहिला गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, नुसते बाहेर नाही, पक्क्या छपराखाली. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास परत उतरायचं नाही. मुलं कुरकुर करतात, सामना अर्धवट राहतो. राहू द्या.

डोक्याला चेंडू किंवा कोपर जोरात लागलं आणि मूल गोंधळल्यासारखं वाटलं, डोकं दुखतं म्हणालं, उलटी झाली, तर त्या दिवशी परत पाण्यात नाही, आणि डॉक्टरांना दाखवायचं. "काही नाही होत, खेळ" असं म्हणणारा एखादा काका काठावर असतोच. त्याचं ऐकू नका. बोटं मुरगळणं, खांदा दुखणं हे चालायचंच, पण खांदा रोज दुखत असेल तर फेकणं काही दिवस थांबवायला सरांना सांगा.

मुलींचं थोडं वेगळं बोलतो. बारा-तेरा वर्षांची झाली की पोहणं बंद, असं आमच्या पाच घरांत ऐकलं. कारण कपडे आणि पाळी. सलवार-कमीज घालून पाण्यात उतरवू नका. सुती कापड भिजून जड होतं, पायात अडकतं. पोहण्याच्या कापडाचे पूर्ण हाता-पायाचे पोशाख मिळतात, ते चालतात. आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी मापं घेऊन चार पोशाख शिवून दिले. पाळीत उतरायचं की नाही हे त्या मुलीनं ठरवावं. नाही उतरली तर तिला काठावर बसवा, मोजणीचं काम द्या. आम्ही तर त्या दिवसापासून तिला मान देऊनच बसवतो.

एवढं करूनही कधी वेळ आलीच तर? पोहता येत नसताना, किंवा येत असलं तरी शिकलेलं नसताना, पाण्यात उडी घेऊ नका. घाबरलेलं मूल गळ्याला मिठी मारतं आणि दोघं जातात. काठी द्या, दोरी टाका, हवेची ट्यूब टाका, काहीच नसेल तर साडीचा पदर किंवा ओढणी टाका. स्वतः पालथं झोपून टाका, म्हणजे तुम्ही ओढल्या जाणार नाही. वर काढल्यावर मुलाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं, हे जुने उपाय करू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. हाक मारा, श्वास बघा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, अंग कोरडं करून पांघरूण घाला. श्वास नसेल तर एकीनं १०८ ला फोन लावायचा आणि दुसरीनं लगेच तोंडानं श्वास द्यायला सुरुवात करायची, मग छातीवर दाब. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून श्वास आधी. हे रेडिओवर ऐकून जमत नाही. शिकलेल्या माणसाकडून बाहुलीवर हात बसवून घ्यावा लागतो. आम्ही सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना विनंती केली, त्यांनी एका दुपारी बावीस जणींना शिकवलं. छाती किती जोरात दाबावी लागते हे कळल्यावर आम्ही चकित झालो.

पाण्यातून काढलेलं मूल बरं दिसलं, हसायला लागलं, तरी दवाखान्यात दाखवाच. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी वाढू शकतो. खोकला थांबत नाही, श्वास भराभर चालतो, मूल मलूल पडतं, अशी चिन्हं दिसली तर रात्र काढू नका.

त्या ताईंचा मुलगा पंधरा दिवस पाण्यात उतरला नाही. मग एक दिवस स्वतःच उथळ बाजूला जाऊन चेंडूशी खेळायला लागला. जूनपर्यंत तिथंच खेळला. यंदा त्यानं परत लाल टोपी मागितली. सरांनी आधी गोलरक्षकाला डाव अर्धा झाला की बदलायचं असा नियम केला, आणि मगच दिली.

यंदाच्या शिबिरात पाळ्यांची यादी आम्ही गटाच्या वहीतच लिहितो, हप्त्याच्या रकान्याशेजारी. त्या ताई नेहमी अलीकडच्या गोलापाशी बसतात. पलीकडं गोल झाला की सगळ्या ओरडतात, टाळ्या वाजवतात. त्या मान न वळवता शेजारणीला विचारतात, "कुणी मारला गं?"